धाब्यावरचा काळा कागद

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली की मी वर्तमानपत्र उघडत नाही; बाहेरच्या घरांची छपरे पाहत बसतो. घाट चढून गाडी इगतपुरीला टेकली की छपरांचा उतार असा तीव्र दिसतो की वर पडलेल्या थेंबाला क्षणभर थांबायचीही सोय नसावी. पुढे नाशिक जाते, निफाड-लासलगाव जाते, आणि मनमाड ओलांडून आमचे नांदगाव जवळ येईपर्यंत तो उतार कुठल्या कुठे मावळलेला असतो. आता सिमेंटच्या स्लॅबने हा भेद बराचसा पुसून टाकला आहे; पण माझ्या लहानपणी तो शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाइतका स्पष्ट होता. इगतपुरीला एकट्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा नांदगावला उभ्या वर्षात पडत नाही. म्हणून तिकडे छप्पर तिरपे, आणि आमच्याकडे सपाट. तिकडचे छप्पर पावसाला हाकलून देते; आमचे त्याला आधी अंगावर घेते आणि मग हळूहळू पन्हळीतून वाट करून देते.

नांदगाव आज प्रवाशाच्या डोळ्यांखालून नुसते निघून जाते. पण जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या काळात त्याचा रुबाब निराळा होता. १९०० साली निजामाच्या मुलखातली मनमाड-औरंगाबाद गाडी सुरू होईपर्यंत वेरूळची लेणी पाहायला निघालेला मनुष्य नांदगावलाच उतरे आणि पुढची वाट टांग्याने काढी. वेरूळला तर अखंड डोंगराचेच छप्पर. त्याला सांधा नाही की जोड नाही. तरी भर पावसाळ्यात तिथल्या काही लेण्यांत पाणी झिरपतेच. तेव्हा गळणे हा केवळ गरिबाच्या घराचा दोष आहे असे कोणी समजू नये.

याच रेल्वेने आमच्या भागात परकी छपरे आणली. १८२९ साली हेन्री पामर नावाच्या इंग्रज इंजिनियरने पेटंट घेतलेला पन्हाळी पत्रा आला. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ साली मंगळूरला काढलेल्या कारखान्यामुळे देशभर गेलेली तांबडी कौले आली. या दोन्ही वस्तू माझ्या आजीच्या परिचयाच्या होत्या. पत्रा म्हणजे लोखंड, कौल म्हणजे भाजलेली माती. त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. पण १९६६च्या जून महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातगाडीवरून काळ्या कागदाच्या गुंडाळ्या घरी आणल्या, तेव्हा आजी ओसरीवरून उठून अंगणात आली. एका गुंडाळीवर तिने बोट फिरवले, बोटाचा वास घेतला आणि मला विचारले, "हाई कसानं शे रे भाऊ?" आजीचे माहेर चाळीसगावकडचे, तिची अहिराणी कधी सुटली नाही. हे कशाचे केले आहे, एवढाच तिचा प्रश्न.

अण्णा म्हणाले, "डांबराचं."

"आणि डांबर कशाचं?"

अण्णा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. असल्या गुंडाळ्या वाघिणीतून उतरताना त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. पण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, माझ्याजवळ कुठून असणार? आजीने मान हलवली आणि ती आत गेली. तो प्रश्न मला पुढे फार दिवस पुरला.

आजीने तो का विचारला, हे कळायला आधी धाबे कसे असते ते सांगितले पाहिजे. शहरातल्या वाचकांना धाबा म्हटले की हमरस्त्यावरची खाणावळच आठवते. आमचा धाबा तो नव्हे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर जवळजवळ मांडलेल्या किलचनाच्या चिपा. त्यावर लिंबाचा पाला, कारण कडू पाल्याला वाळवी लवकर तोंड लावत नाही. पाल्यावर तुडवलेल्या चिखलाचा वीत-दीड वीत थर, आणि सर्वांत वर खारी. ही खारी म्हणजे ओसाड, खारवट जागेतली पांढुरकी माती. जिथे बाजरीचे एक ताट उगवत नाही, तिथली माती आमच्याकडे बैलगाड्यांनी भरून आणीत आणि मृगाच्या आधी धाब्यावर पसरीत. पिकाच्या दृष्टीने जी जमीन कपाळकरंटी, तीच छपराच्या दृष्टीने भाग्याची. याचे शास्त्रीय कारण मला मोठेपणी कळले. त्या मातीत सोडियमचे क्षार असतात. पाणी लागताच त्या क्षारांमुळे मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि बारीकसारीक छिद्रांत जाऊन बसतात. म्हणजे पहिल्या पावसाने खारी स्वतःच स्वतःची तोंडे बुजवून घेते. ऊन पडले की ती पुन्हा वाळते आणि आतली ओल बाहेर जाऊ देते. वर्षाला तिचा थोडा अंश वाहून जातो, म्हणून वर्षाला नवी घालायची.

आजीला यातला सोडियम ठाऊक नव्हता, पण कोणत्या नाल्याकाठची खारी चांगली आणि कोणती नुसतीच पांढरी दिसते, हे ती जिभेवर चिमूट ठेवून सांगे. धाब्यावर काय घातले आहे हे तिला चवीने माहीत होते! अशा बाईच्या डोक्यावर, नाव-गाव-कूळ काही न सांगता, काळा कागद अंथरायचा म्हणजे तिने एवढे तरी विचारायला नको का?

मग त्या डांबराचे कूळ पाहू. पहिली अडचण अशी की मराठीत डांबर या एका शब्दाखाली दोन निराळ्या कुळांचे पदार्थ नांदतात. एक दगडी कोळशाचे, दुसरे खनिज तेलाचे. दोन्ही काळे, दोन्ही चिकट, दोन्ही तापवले की पातळ होणारे. पण नाते मात्र फार दूरचे.

दगडी कोळसा बंद भांड्यात भाजला की त्यातून जळणारा वायू निघतो. एकोणिसाव्या शतकात विलायतेतली शहरे या वायूच्या दिव्यांनी उजळली. आपल्या मुंबईतही १८६५च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर पहिले गॅसचे दिवे लागले, आणि परळच्या कारखान्यातून नळांनी तो गॅस शहरात खेळू लागला. दिवा लावून जाणाऱ्या माणसामागे पोरांची झुंबड उडे, असे जुने मुंबईकर सांगत. पण वायूबरोबर त्या भट्टीत एक काळा राडा साचतो. तेच कोळशाचे डांबर. प्रथम प्रथम त्याचे काय करावे हे कोणालाच कळेना. ते फेकायचे तर कुठे, आणि ठेवायचे तर कशात? पुढे एकेकाने त्यातून एकेक गोष्ट काढली. स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिंटॉशने त्यातल्या पातळ तेलात रबर विरघळवून १८२३ साली पावसाळी कोटाचे कापड केले. आणि आपल्या घरी पैठणीच्या घडीत ज्या पांढऱ्या डांबरगोळ्या ठेवतात, त्यांनाही हे नाव उगीच मिळालेले नाही. तो नॅफ्थलीन मूळचा याच काळ्या राड्यातला. इतक्या काळ्या बापाच्या पोटी इतके पांढरे लेकरू निपजावे, याचे मला अजून नवल वाटते.

दुसरे डांबर पुष्कळच जुने. जमिनीतून आपोआप पाझरणारे हे डांबर माणसाने इतिहासाच्या पहाटेसच हाताशी धरले होते. मोहेंजोदडोला आपले पंढरपूरचे काशीनाथ नारायण दीक्षित यांनी १९२४-२५ साली उत्खनन केले. त्यापुढच्या हंगामात तिथले प्रसिद्ध महास्नानगृह उजेडात आले. त्याच्या विटांच्या भिंतीमागे सुमारे इंचभर जाडीचा डांबराचा थर निघाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कोणा गवंड्याने हौदातले पाणी बाहेर झिरपू नये म्हणून तो लावला होता. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याने तो उघड्यावर, उन्हात लावला नाही. दोन्ही बाजूंनी विटा घालून झाकला. हे शहाणपण आमच्या नांदगावच्या घरापर्यंत १९६६ साली पोहोचले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

डांबर आणि कागद यांची गाठ कोणी घातली? त्याचा माग अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये लागतो. अर्विद फाक्से नावाच्या गृहस्थाने जाड कागद छपरासाठी वापरण्याचे प्रयोग केले. स्वीडनमध्ये पाइन वृक्षापासून काढलेल्या डांबराला तोटा नव्हता. लाकडी छपराला आग फार लवकर लागे, आणि कौले महाग पडत. पुढे जर्मनांनी ही कल्पना उचलली. १८४०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात वॉरन बंधूंनी गॅसच्या कारखान्यातले टाकाऊ डांबर घेऊन कागदाची छपरे घालण्याचा धंदाच मांडला. एकाची घाण ती दुसऱ्याची खाण! खनिज तेलाचे कारखाने वाढले तसे त्यांच्या भांड्यांच्या तळाशी उरणारे डांबर स्वस्त झाले आणि कोळशाचे डांबर मागे पडत गेले.

पण तेलाच्या या डांबरात एक खोड होती. छपरासाठी ते फार हळवे. उन्हात वाहू लागे, थंडीत तडकू लागे. तो दोष ज्या युक्तीने गेला ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. वितळलेल्या डांबरात खालून हवा सोडायची, बस्स! अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या डांबरातून तासन्‌तास हवेचे बुडबुडे वर येत राहतात. हवेतल्या प्राणवायूने त्याची अंतर्रचना बदलते आणि ते रबरासारखे चिवट होते. १८९४ साली अमेरिकेत बायर्ली नावाच्या माणसाने ही क्रिया व्यवहारात आणली. तेव्हापासून डांबराचे दोन प्रकार कारखान्यात शेजारी शेजारी नांदू लागले. एक मऊ, मुरणारे. दुसरे फुंकलेले, टिकणारे.

आपल्याकडे आसामात दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ सालचा. पण महाराष्ट्राच्या दाराशी डांबर आले ते तुर्भ्यामुळे. तिथे १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा असे दोन मोठे कारखाने उभे राहिले. आखाती देशांचे कच्चे तेल बोटीतून यायचे. त्यातून पेट्रोल, घासलेट, डिझेल काढून झाल्यावर जे जड, काळे उरे ते रस्त्यांना जाई आणि काही छपरांच्या कागदाला. ते दोन्ही कारखाने पुढे सत्तरीच्या दशकात सरकारी मालकीचे झाले. १९५९ साली भारतीय मानक संस्थेने या डांबरी कागदासाठी आणि तो छपरावर बसवण्यासाठी नियम छापले. म्हणजे आमच्या अंगणात गुंडाळ्या आल्या तेव्हा त्या बाबतीतले सगळे ज्ञान या देशात छापील स्वरूपात उपलब्ध होते. फक्त ते दिल्लीत होते.

नोकरीच्या निमित्ताने १९८१ साली मला असा एक कारखाना आतून पाहायला मिळाला. नाव सांगण्याचे कारण नाही. असे कारखाने एकमेकांसारखेच असतात. दारातून शिरताना डांबराच्या वासाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात समोर होता चिंध्यांचा डोंगर. फाटके सदरे, जुनी धोतरे, शिंप्याकडची कात्रणे, तागाचे तुकडे, रद्दी कागद. मला वाटले, चुकून दुसऱ्याच फाटकातून आलो. पण तोच पहिला टप्पा होता. या चिंध्या बारीक कापून पाण्याच्या हौदात फिरत्या पात्यांखाली कुटतात, लगदा करतात, आणि कागदाच्या यंत्रावर त्याचा जाड, फुसफुशीत, पाणी पिणारा पट्टा काढतात. लिहायचा कागद शाई पसरू नये म्हणून घट्ट करतात; हा मुद्दाम सैल ठेवतात, कारण याला आपल्या वजनाहून जास्त डांबर प्यायचे असते. काही प्रकारांत चिंध्यांच्या पट्ट्याऐवजी सरळ गोणपाटच घेतात. ताग ज्या देशात पिकतो त्या देशाला ती युक्ती साजणारी.

पुढे तो पट्टा रुळांवरून खाली-वर, खाली-वर असा झोके घेत जातो, आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या मऊ डांबराच्या हौदात बुडतो. आत शिरताना करडा, बाहेर येताना काळाकुट्ट. कागदात उरलीसुरली ओल असेल तर ती त्याच क्षणी वाफ होऊन तडतडते. मला भज्यांच्या कढईची आठवण झाली. सोबतचे इंजिनियर म्हणाले, "हा तडतडाट आला की आम्ही घाबरतो. ओला कागद पोटभर पीत नाही, आणि अर्धपोटी कागद छपरावर पाणी पितो." त्यानंतर पट्टा थोडा वेळ नुसताच वर टांगून फिरवतात, म्हणजे अंगावरचे डांबर आत मुरते. मग दोन्ही बाजूंनी फुंकलेल्या डांबराचा लेप. या लेपात चुनखडीची बारीक पूड मिसळतात. त्याने लेप उन्हात ओघळत नाही. शेवटी अंगावर शंखजिऱ्याची पूड. लहान मुलांच्या अंगाला लावतात त्या पावडरीचीच ही बहीण. तिचे काम इतकेच की गुंडाळी केल्यावर थरांनी एकमेकांना चिकटू नये. थंड रुळांवरून फिरत पट्टा निवतो, आणि मीटरभर रुंदीच्या गुंडाळ्या होऊन बाहेर पडतो.

कारखान्याच्या एका कोपऱ्यात परीक्षेची खोली होती. तिथे डांबराची परीक्षा सुईने घेतात. पंचवीस अंश उष्णतेला शंभर ग्रॅम वजनाखाली पाच सेकंदांत सुई डांबरात किती शिरते ते पाहायचे. दुसरी परीक्षा पितळेच्या कड्यात भरलेल्या डांबरावर पोलादी गोळी ठेवून घ्यायची: पाणी हळूहळू तापवीत न्यायचे आणि गोळी कोणत्या अंशाला खाली बुडते ते टिपायचे. बाजारात '८५/२५' असा शिक्का असलेले डांबर मिळते. त्याचा अर्थ, गोळी पंचाऐंशी अंशांच्या सुमारास बुडेल आणि सुई सुमारे अडीच मिलिमीटर शिरेल. आजीच्या जिभेवरची चिमूट मला त्या खोलीत फार आठवली.

अमेरिकेत या वस्तूने तर घराघरावर राज्य केले आहे. १९०३ साली ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्सने वर दगडाचे बारीक कण दाबलेला डांबरी कागद कौलांच्या आकारात कापून विकायला सुरुवात केली. आज न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारी आपली मुले-नातवंडे ज्या उतरत्या छपरांखाली दिवाळीचे कंदील लावतात, ती बहुतेक याच वंशातली. आता त्यात चिंध्या नसतात. काचेच्या धाग्यांची जाळी असते. आणि ते वरचे रंगीत खडे शोभेचे नव्हेत. ते डांबराला उन्हापासून झाकतात. डांबराचा खरा वैरी पाऊस नसून ऊन आहे, हे तिथे शंभर वर्षांपूर्वीच धंद्याला कळले होते.

आमच्याकडे काय झाले ते आता सांगतो. अण्णांचा हेतू वाईट नव्हता. दरवर्षी खारीच्या गाड्या आणा, मजूर लावा, आणि चार दिवस आजीने शिडीखाली उभे राहून बोलणी करावीत. या साऱ्यातून एकदाचे सुटावे, एवढेच त्यांच्या मनात होते. एक गवंडी मिळाला. त्याने शहरात सिमेंटच्या गच्चीवर हे काम होताना पाहिले होते. त्याने धाब्यावर चुन्या-सिमेंटचा पातळ गिलावा केला आणि त्यावर डांबर ओतून कागद चिकटवला. पण मृगाच्या दोन सरी आधीच पडून गेल्या होत्या. वीत-दीड वीत माती पाणी पिऊन बसली होती. आणि तिच्यावर आम्ही झाकण घातले.

पहिला पावसाळा थेंबही गळला नाही. अण्णा शेजाऱ्यांना वर नेऊन दाखवीत. ऑक्टोबरच्या उन्हात कागदाला ठिकठिकाणी फुगे आले, कणकेच्या पोळीला येतात तसे. खालच्या ओलीची वाफ वर येत होती आणि तिला वाट नव्हती. आम्हा पोरांना तो खेळच झाला. टाचेने फुगा दाबला की पिचकन आवाज येई. किती फुगे मी स्वतः फोडले याची गणती नाही, आणि त्या प्रत्येक फुग्याच्या जागी कागदाला चीर पडली, हे गवंड्याच्या नावाने बोटे मोडताना मी सोयीस्करपणे विसरतो.

उन्हाळा आला तेव्हा घराला आणखी एक गोष्ट कळली. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. मातीचा धाबा दिवसभर ऊन पिऊन घेई आणि खाली माजघर गार ठेवी. रात्री आम्ही सगळे वर अंथरुणे टाकीत असू. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या सगळे तिथेच वाळे. काळ्या कागदावर दिवसा पाय ठरेना, रात्री वास जाईना, आणि कुरडयांना तर तिथे जागाच उरली नाही. आजी शेजारच्यांच्या धाब्यावर कुरडया घालायला जाऊ लागली. ती तोंडाने काही बोलली नाही. पण स्वतःचे घर असताना दुसऱ्याच्या शिडीवरून पाटी घेऊन चढणारी आजी रोज नजरेस पडणे, हे अण्णांना बोलण्यापेक्षा जास्त लागत असावे.

मग १९७२ साल उजाडले. त्या दुष्काळाबद्दल खूप लिहिले गेले आहे. आमच्या घरात त्याची आठवण म्हणजे रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी. पावसाने तोंड फिरवल्यामुळे छपराची परीक्षाच झाली नाही. पण ऊन आपले काम करीत होते. उन्हाने आणि हवेने डांबर वाळत गेले. कारखान्यात जी हवा हिशेबाने फुंकतात, तीच उघड्या छपरावर बेहिशेब लागत होती. कागदावर सुसरीच्या पाठीसारख्या भेगा उमटल्या. खाली कड्यांची टोके काळी पडली होती. सहा वर्षे अडकलेली ओल त्यांत मुरली होती आणि वाळवीही लागली होती. पण छताकडे बघायला त्या वर्षी कोणाला वेळ होता?

१९७३च्या आषाढात पाऊस आला, आणि चांगला आला. तिसऱ्या रात्री माजघरातली एक कडी मोडली. आधी करकर झाली, म्हणून आजी उठून बसली, आणि तिने आम्हाला हाका मारल्या; त्यामुळे माणसे वाचली. कडीबरोबर गाडीभर चिखल कणगीवर कोसळला. त्या कणगीत अण्णांनी महागात घेतलेली, सहा महिने पुरवायची बाजरी होती. दुष्काळाच्या पाठोपाठच्या वर्षात एका घराच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना सांगावे लागणार नाही. कंदिलाच्या उजेडात आम्ही पहाटेपर्यंत वरची भिजलेली बाजरी सुपांनी बाजूला काढत होतो. अण्णा एक शब्द बोलत नव्हते. आजीच शेवटी म्हणाली की खालची कोरडी आहे, आता थोडे झोपा.

त्या दिवाळीपूर्वी माजघरावर पत्रे पडले. बाकीच्या दोन खणांवरचा कागद अण्णांनी स्वतः खरवडून काढला, धाबा महिनाभर उन्हात उघडा ठेवला आणि पुढच्या मृगाआधी खारीची गाडी आणली. खारी कुठल्या नाल्याची, हे त्यांनी आजीला विचारले. मला वाटते, त्यांनी ते पहिल्यांदाच विचारले असावे.

त्या काळ्या कागदाला मी दोष देत नाही. कोरड्या, टणक, थोड्या उतरत्या गच्चीवर तो खालच्या कडेपासून लावत आणला, एकावर एक निदान चार बोटे चढवला, भिंतीवर वळवून नीट बंद केला आणि वरून बारीक खडी पसरून उन्हापासून झाकला, तर तो वर्षानुवर्षे इमानाने काम करतो. १९६०च्या दशकात युरोपात डांबरात प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ मिसळून निघालेल्या नव्या चादरी तर त्याहून टिकाऊ आहेत. गॅसच्या ज्योतीने त्या गच्चीवर चिकटवताना आता नाशिकला कुठेही दिसतात. पण तो कागद म्हणजे छप्पर नव्हे, छपराची नुसती कातडी आहे. आम्ही त्या कातडीखाली जिवंत, श्वास घेणारी माती कोंडली.

कारखाना पाहून मी नांदगावला आलो, तेव्हा आजी पंच्याऐंशीच्या घरात होती. दृष्टी अधू झाली होती, कान शाबूत होते. मी तिला म्हटले, "आजी, तू विचारलं होतंस ना, तो कागद कशाचा म्हणून? चिंध्यांचा." आणि मग तिला सगळे सांगितले: तो डोंगर, तो लगदा, ते डांबराचे आंघोळीचे हौद, ती शंखजिऱ्याची पूड. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, बोहारणीला आपण देतो त्या लुगड्यांच्याही चिंध्या त्यात जातात का? मी म्हटले, जात असतील. ती खूप वेळ हसत राहिली. म्हणाली, मग मला तेव्हाच सांगायचं, भाऊ. लुगडं पावसात किती टिकतं ते मी सांगितलं असतं.

आजी १९८४ साली गेली. १९८८ साली आम्ही जुने घर उतरवले आणि तिथे स्लॅबचे घर बांधले. सामान काढताना माजघरातली ती कणगी हलवली, तर तिच्या बुडाखाली काळा कागद निघाला. १९६६ साली उरलेला, कणगीच्या मापाने विळीवर कापलेला तुकडा. जमिनीची ओल दाण्याला लागू नये म्हणून तो आजीने तेव्हाच, कोणाला न सांगता, खाली सारून ठेवला होता. वर कणगी, खाली सारवलेली जमीन. बावीस वर्षांत त्याला ऊन लागले नव्हते. मी तो उचलून दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तो मोडला नाही.